पुढचा एअर डॅम काढू की राहू देऊ?

वाचकाचं पत्र:

स. न. वि. वि.

माझ्याकडे चार दारांचा, फोर व्हील ड्राइव्ह डिझेल पिकअप आहे. बंपरच्या खाली काळ्या प्लास्टिकची लांब पट्टी लोंबते, ती सारखी कशाला ना कशाला घासते. पार्किंगमधल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला घासते, उताराच्या तोंडाशी घासते, आणि महिन्यातून दोन-तीनदा दगडाळ कच्च्या रस्त्यावर जातो तिथे तर प्रत्येक वेळी आवाज येतोच. गेल्या वेळी डावीकडचं टोक सुटलं, आता ते हलतं. गाडीची पुढची बाजू लेव्हलिंग किट घालून ४ सेंटीमीटर उचलून घेतली आहे, तरीही ही गत. रोज महामार्गावर जाऊन-येऊन ६० किलोमीटर होतात, वेग शंभरच्या आसपास. उन्हाळ्यात दीड टनाचा ट्रेलर ओढतो. मित्र म्हणतो, "ती शोभेची पट्टी आहे, काढून टाक, मी दोन वर्षांपूर्वी काढली, काही फरक पडला नाही." दुसरा म्हणतो, इंजिन तापेल. खरं काय? आणि काढायची तर कशी?

उत्तर:

नमस्कार.

आधी ते डावं टोक. काढायची की ठेवायची हा निर्णय पुढच्या आठवड्यात घेतला तरी चालेल, पण अर्धवट लटकलेला एअर डॅम (म्हणजे तुमची ती काळी पट्टी) घेऊन महामार्गावर जाऊ नका. शंभरच्या वेगाला सुटलेलं टोक वाऱ्याने मागे दुमडतं, फडफडत उरलेल्या क्लिपांची भोकं मोठी करत जातं, आणि एकदा का ते चाकाच्या पुढ्यात आलं की टायर त्याला खाली ओढून घेतो. त्याच्यासोबत बंपरची खालची कड आणि चाकावरचं लायनर (चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर), दोन्ही निघून येतात. तेव्हा आजच्या आज ते टोक नवी क्लिप लावून बसवा, नाहीतर अख्खा डॅम उतरवून घरात ठेवा. बहुतेक पिकअपमध्ये पूर्ण उतरवलेल्या डॅमने दोन दिवसांत काही बिघडत नाही.

आता मूळ प्रश्न. तुमच्या वापरासाठी आमचं मत: कायमचा काढून टाकू नका, सहज निघेल असा करून घ्या. महामार्गाला आणि ट्रेलरला तो लावलेला हवा, कच्च्या रस्त्याला उतरवलेला. ठोकळ्याला घासण्यावरचा इलाज पाना न लावताही होतो, त्याकडे शेवटी येऊ.

एक खात्री मात्र आधी करा, की तुम्ही ज्याला पट्टी म्हणताय तो एअर डॅमच आहे. बंपरखाली तीन-चार वेगळ्या वस्तू असतात आणि लोक सगळ्यांना एकच नाव देतात. बोटाने मागे ढकलली की वाकते आणि सोडली की परत येते, अशी मऊसर काळी पट्टी म्हणजे एअर डॅम. तिच्या वरचा, बंपरच्याच आकाराला धरून असलेला कडक प्लास्टिकचा भाग म्हणजे व्हॅलन्स. त्यात फॉग लॅम्प, टो हुक, कधी पार्किंग सेन्सर असतात आणि तो काढणं हे वेगळं, मोठं काम आहे. त्यामागे आडवं, इंजिनाच्या पोटाखाली पसरलेलं पातळ पॅनेल म्हणजे अंडरकव्हर, आणि त्याच जागी जाड पत्रा असेल तर स्किड प्लेट. शेवटचे दोन काढायचा विचारही नको. ते तेलाच्या चेंबरला दगडापासून वाचवतात.

शोभेची पट्टी म्हणणाऱ्या मित्राने कधीतरी जमिनीवर आडवं पडून पिकअपचं पोट पाहावं. ॲक्सल, डिफरन्शियल, चासीचे आडवे दांडे, सायलेन्सरचा पाइप, स्प्रिंगा: सगळं उघडं. कारचं पोट त्यामानाने झाकलेलं असतं. या अडगळीत शिरलेली हवा प्रत्येक कोपऱ्याला आपटते आणि गाडीला मागे ओढते. डॅमचं पहिलं काम इतकंच, की खाली शिरणारी हवा कमी करायची आणि ती बाजूंनी वळवून द्यायची. डॅम स्वतः हवेला अडतो, त्याचाही थोडा विरोध होतोच. पण पोटाखालची वाचलेली ओढ त्यापेक्षा जास्त भरते, म्हणून कंपन्या तो लावतात. दुसरं काम, पुढचं टोक उचललं जाण्याची प्रवृत्ती कमी करणं. मागे वजन भरलं किंवा ट्रेलर जोडला की पिकअपचं नाक तसंही वर होतं. त्यात बाजूचा वारा आला की स्टिअरिंग हलकं लागतं. ते डॅम नसताना जरा जास्त जाणवतं.

तिसरं काम थंडाव्याचं, आणि गैरसमज सगळ्यात जास्त याच कामाबद्दल आहेत. रेडिएटरमधून हवा जाते ती नुसती समोरून दाबली जाते म्हणून नव्हे. मागच्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या खोलीत, दाब कमी असावा लागतो, तरच ती पलीकडे निघते. डॅमच्या लगेच मागे, गाडीच्या पोटाखाली, कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि इंजिनाच्या खोलीतली गरम हवा तिथून खाली खेचली जाते. डॅम काढला की खालून वेगाने येणारी हवा या बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेत येते. पंखा आहे ना, असं म्हणाल, तर पंख्याचं राज्य गाडी उभी असताना आणि गर्दीत हळू चालताना. साठच्या वर समोरून येणारी हवाच मुख्य काम करते.

डॅम नसल्याने इंजिन खरोखर तापतं, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण पिकअपचं नाही. शेव्हरले कमारो आणि पॉन्टिअॅक फायरबर्डची १९८२ ते १९९२ ची पिढी आणि १९८४ ते १९९६ ची कॉर्व्हेट घ्या. या गाड्यांचा रेडिएटर मुख्यतः बंपरखालून हवा घेतो. डॅमच ती हवा वर वळवतो. तिथे डॅम तुटला की शहरात काटा जागेवर आणि महामार्गावर मात्र वर चढत जाणारा, असं चित्र दिसतं. मेकॅनिक आधी थर्मोस्टॅट बदलतो, मग पाण्याचा पंप, आणि दोष निघतो तुटलेल्या प्लास्टिकच्या पट्टीत. यातून एक ठोकताळा कामाचा आहे: हळू चालताना तापत असेल तर पंखा बघा, वेगात तापत असेल तर हवेची वाट बघा.

तुमच्या पिकअपमध्ये हे कितपत लागू आहे, ते पाच मिनिटांत कळेल. गाडीसमोर उकिडवे बसा, टॉर्च घेऊन खालच्या जाळीतून आत बघा आणि रेडिएटर, एसीचा कंडेन्सर व इंटरकूलर (टर्बोतून इंजिनात जाणारी हवा थंड करणारा) यांची खालची कड शोधा. ती बंपरच्या खालच्या ओठाच्या वर असेल, म्हणजे सगळं जाळीच्या मागे मावत असेल, तर हवा मुख्यतः समोरून येते आणि डॅमचा वाटा मदतनिसाचा. बहुतेक पिकअप असेच असतात, जाळी मोठी असते, म्हणून रिकाम्या गाडीवर डॅम काढल्याचा फरक काट्यावर दिसतच नाही. कड ओठाच्या खाली उतरत असेल, किंवा डॅमच्या मागे वर वळलेले प्लास्टिकचे पाखे दिसत असतील, तर तो डॅम हवा वळवणारा आहे. तो काढून महामार्गावर जायचं नाही.

काट्यावर फरक दिसत नाही, यात एक मेख आहे. थर्मोस्टॅट हा पाण्याचं तापमान ठरावीक ठेवण्यासाठीच असतो. थंडावा १० टक्क्यांनी कमी झाला तर तो थोडा जास्त उघडतो, आणि काटा होता तिथेच राहतो. तो पूर्ण उघडल्यानंतर, म्हणजे राखीव ताकद संपल्यावरच तापमान चढायला लागतं. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत ती वेळ येत नाही. दीड टनाचा ट्रेलर, लांब चढण, दुपारचं ऊन आणि चालू एसी, अशा वेळी येते. तुमच्या मित्राला दोन वर्षांत फरक पडला नाही, हे खरं असेल. तो ट्रेलर ओढतो का, ते विचारा.

आता डिझेलचा हिशेब. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: पन्नासला जेवढा, त्याच्या चौपट शंभरला. पिकअपच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३.२ चौरस मीटर धरा आणि विरोधाचा गुणांक, ज्याला सीडी म्हणतात, तो ०.४० धरा. ताशी १०० किलोमीटरला सुमारे ५९० न्यूटन विरोध येतो. टायरच्या घर्षणाचे सव्वादोनशे त्यात मिळवा, म्हणजे एकूण आठशेच्या वर. सीडी ०.०१ ने वाढला तर जवळपास १५ न्यूटनची भर पडते, पावणेदोन ते दोन टक्के. इंजिन आणि गिअरची गळती धरली तर १०० किलोमीटरला सुमारे १५० मिलिलिटर जास्तीचं डिझेल. पन्नासच्या वेगाला हीच भर पावणेचार न्यूटन, म्हणजे विसरून जावी इतकी. डॅम काढल्याने सीडी ०.०१ ते ०.०२ ने वाढला असं समजू. तुमचे रोजचे ६० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १८,००० किलोमीटर. त्यावर २७ ते ५४ लिटर. टाकीभर म्हणा. कोणी घाबरवण्यासाठी १० टक्के सांगत असेल तर ते खरं नाही, आणि शून्य सांगत असेल तर तेही नाही. तुम्ही पुढची बाजू उचलून घेतलीत तेव्हा डॅमखालची फट ४ सेंटीमीटरने वाढलीच, म्हणजे या फायद्यातला काही भाग आधीच खर्ची पडला आहे.

मग लोक छातीठोकपणे "ॲव्हरेज तेवढाच आला" असं कसं सांगतात? कारण एवढा छोटा फरक टाकी भरून मोजता येत नाही. ताशी १० किलोमीटरचा समोरचा वारा असेल तर शंभरच्या वेगाला हवेचा विरोध २१ टक्क्यांनी वाढतो. हवा १० अंशांनी थंड असेल तर ती तीन-साडेतीन टक्क्यांनी दाट होते. टाकी भरताना पंपाची नळी एकदा लवकर आपोआप बंद झाली, एकदा उशिरा, तर अर्धा-एक लिटर इकडेतिकडे. या गोंधळात दोन टक्के बुडून जातात. डॅम काढून ॲव्हरेज वाढल्याचं सांगणारे आढळले तर वारा मागून होता का, एवढंच विचारावं.

जमा बाजूला काय पडतं? मुख्य म्हणजे चढाईचा कोन. पुढच्या टायरला स्पर्श करत पुढे जाणारी रेघ गाडीच्या ज्या भागाला पहिल्यांदा टेकते, त्या रेघेचा जमिनीशी होणारा कोन. तो तुम्हीच मोजू शकता: एक सरळ फळी टायरच्या तळापासून पुढे उचलत न्या, डॅमला टेकली की तिच्यावर मोबाइलमधलं कोनमापक ठेवा. मग डॅम हाताने मागे दुमडून धरायला कुणाला तरी सांगा आणि पुन्हा मोजा. समजा डॅमची कड ॲक्सलच्या पुढे ९० सेंटीमीटरवर आणि जमिनीपासून २५ सेंटीमीटर उंच आहे, टायरची त्रिज्या ४०; तर कोन साडेसोळा अंशांच्या आसपास येतो. डॅम काढल्यावर बंपरची कड ३६ सेंटीमीटरवर असेल तर तोच कोन २४ अंश होतो. सात अंश ही दगडाळ रस्त्यावर चैन आहे. पण डॅम गेल्यावर पुढचा अडथळा बंपर न होता मागची स्किड प्लेट झाली, तर लाभ एवढा होत नाही. म्हणून फळी आधी, पाना नंतर.

एक गोष्ट विसरू नका, की डॅम घासणं हा बिघाड नाही. तो मऊ केलेला असतो तो घासावा आणि वाकून परत यावा म्हणूनच. त्याचा खरखर आवाज म्हणजे बंपर अजून वर सुरक्षित आहे, हा इशारा. डॅम काढल्यावर पहिला आवाज येतो तो रंगवलेल्या बंपरचा किंवा पत्र्याचा. गोठवणाऱ्या थंडीत मात्र प्लास्टिक कडक होतं आणि वाकण्याऐवजी तुटतं. बर्फात तो नांगरासारखा चालतो आणि क्लिपांसकट निघून येतो. पुढे बर्फ ढकलायचं पातं लावणारे तो आधी उतरवतात, ते याच कारणाने.

काढायला बसण्याआधी एकच तपासणी, पण हिच्यात सगळ्यात जास्त लोक फसतात. डॅमचे स्क्रू फक्त डॅमच धरतात का? बऱ्याच गाड्यांत एकच स्क्रू डॅम, बंपरची खालची कड आणि अंडरकव्हरचा पुढचा काठ, तिन्ही एकत्र धरतो. डॅम काढून स्क्रू डब्यात टाकला, की अंडरकव्हरचा पुढचा काठ मोकळा होतो. महामार्गावर हवा त्याखाली शिरते, तो सुपासारखा खाली वाकतो, आणि एक दिवस अख्खं कव्हर रस्त्यावर घासत येतं. मालक म्हणतो डॅमचा काय संबंध! तेव्हा डॅम उतरल्यावर त्या प्रत्येक भोकात स्क्रू परत बसवा. डॅमची जाडी गेल्यामुळे स्क्रू ढिला पडतो, म्हणून डोक्याखाली २० ते २५ मिलिमीटर व्यासाचा मोठा वायसर घाला.

आता काम. हत्यारं: ७, ८ आणि १० मिलिमीटरची सॉकेट लहान रॅचेटसह, टॉर्क्सचे टी १५, टी २० आणि टी ३० बिट, क्लिप उचकटायचा दुबेळका, चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, गंज सोडवायचं स्प्रे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन थंड. पिकअपखाली बहुधा जॅक न लावताच हात पोचतो. उचलावीच लागली तर स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नये.

आधी मोबाइलवर डावीकडून उजवीकडे फोटो काढून घ्या, कुठला स्क्रू कुठे ते नंतर आठवत नाही. सगळे स्क्रू मोजा. स्क्रू गंजलेले असतील तर स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. सुरुवात टोकांपासून करा: चाकाच्या लायनरला जोडणारे एक-दोन स्क्रू किंवा क्लिपा आधी, मग दोन्ही बाजूंनी मध्याकडे सरकत या. मधले दोन शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर डॅम आपल्याच वजनाने लोंबून उरलेली भोकं फाडतो. क्लिपेचा मधला खिळा आधी वर काढायचा, मग क्लिप. एकदम ओढली तर तिचे पाय तुटतात. तरी दोन-तीन तुटणारच, पाच-सहा नव्या जवळ असू द्या.

इम्पॅक्ट गन वापरू नका. स्क्रू ज्यात जातो तो बहुधा प्लास्टिकच्या कडेवर चढवलेला यू आकाराचा पत्र्याचा नट असतो. गंजलेल्या स्क्रूला गनचा झटका बसला की स्क्रूसकट नटच गरगरतो आणि प्लास्टिकचं भोक खाऊन टाकतो. हाताने पाव फेरा उलट, थोडा सुलट, परत उलट, असं करत सोडवा. नट फिरायला लागला तर मागून पकडीत धरा. शेवटचा स्क्रू निघाल्यावर डॅम आला नाही तर ओढू नका, वरच्या कडेला खाचेत अडकवलेल्या जिभा असतात. त्या स्क्रू ड्रायव्हरने दाबत एकेक सोडवा. वायर दिसली तर आधी तिचा कनेक्टर.

वायरीवरून: काही नव्या पिकअपमध्ये डॅम मोटरवर चालतो. रॅम १५०० च्या २०१९ पासूनच्या पिढीत असा डॅम मिळतो, ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास तो सहाएक सेंटीमीटर खाली उतरतो आणि वेग कमी झाला की वर जातो. असा असेल तर या लेखातलं काढण्याचं काही करू नका. कनेक्टर उपटला की फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकात बिघाडाची नोंद) येतो, आणि कच्च्या रस्त्यावर हळू चालताना तो आपोआप वरच असतो. तुमचा हाताने ढकलल्यावर वाकतो आणि घासतो, त्यावरून तो साधाच दिसतो.

उतरला, की तो सहज निघणारा करणं हे पुढचं काम. जुन्या क्लिपांच्या जागी एम ६ चे यू नट बंपरच्या कडेवर चढवा आणि त्यात स्टेनलेसचे एम ६ सॉकेट हेड बोल्ट घ्या, २० मिलिमीटर लांबीचे. डॅमच्या बाजूला प्रत्येकी मोठा वायसर, आट्यांना कॉपर ग्रीसचं बोट. म्हणजे ५ मिलिमीटरच्या एका ॲलन कीवर सगळं निघतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत डॅम हौद्यात जातो. बोल्ट हाताने बसेपर्यंत घट्ट, त्यावर पाव फेरा, बस. प्लास्टिकवर जास्त जोर लावला की ते बसतं, मग बोल्ट ढिला पडतो, मग माणूस अजून आवळतो, आणि शेवटी भोकाभोवती चीर जाते.

इथे एक मोह आवरा. सगळेच बोल्ट स्टीलचे घालू नका. मूळ प्लास्टिकच्या क्लिपा दुबळ्या असतात त्या कंजुषीने नव्हे, त्या फ्यूजचं काम करतात: मोठा धक्का बसला की क्लिप तुटावी, बंपरची कड नव्हे. डॅम आधी अडकतो तो दोन्ही टोकांना. तेव्हा टोकाचे दोन-दोन बोल्ट नायलॉनचे घ्या आणि मधले स्टीलचे. लायनरला जोडणारी मूळ क्लिप क्लिपच राहू द्या.

दुसरा पर्याय कापण्याचा. तुमचा डॅम नाहीतरी खरचटलेलाच आहे, तर खालून ४-५ सेंटीमीटर कापून अर्धा फायदा राखता येतो. मास्किंग टेपने रेघ आखा, बारीक दातांच्या जिगसॉने हळू कापा. वेगाने कापलं तर प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं. कोपरे काटकोनात सोडू नका, रुपयाएवढी गोलाई द्या, तिथूनच चीर जाते. मागच्या उभ्या शिरा स्क्रूच्या ओळीजवळ किमान ३ सेंटीमीटर शिल्लक राहिल्या पाहिजेत, नाहीतर उरलेली पट्टी वाऱ्याला टिकणार नाही. कापल्यावर खालच्या कडेला ५-६ मिलिमीटर जाड कन्व्हेअर बेल्टच्या रबराची पट्टी, दर १२-१५ सेंटीमीटरवर बोल्ट आणि मागून ॲल्युमिनियमची फीत, अशी जोडली तर उंची परत मिळते आणि ती ठोकळ्याला घासली तरी काही होत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ डॅम कापू नका. त्यापेक्षा तुमच्याच मॉडेलच्या ऑफ रोड आवृत्तीला आखूड डॅम येतो का ते सुट्या भागांच्या यादीत बघा, बऱ्याचदा तीच भोकं जुळतात.

काहीही केलंत तरी एक चाचणी ट्रेलरच्या मोसमाआधी करा. ओबीडीला (गाडीच्या संगणकातले आकडे वाचायच्या सॉकेटला) लावायचा छोटा रीडर घ्या आणि तीन आकडे बघा: पाण्याचं तापमान, ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सच्या तेलाचं, आणि इंटरकूलरनंतरच्या हवेचं. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका, अनेक गाड्यांत तो मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. तीच चढण, तेवढंच वजन, तोच गिअर, तोच वेग, एसी चालू, आणि हवामान शक्य तितकं सारखं. एकदा डॅम लावून, एकदा काढून. पाण्याचा आकडा डॅमशिवाय पाचएक अंशांनी वर जाऊन तिथेच टिकला, किंवा गिअरबॉक्सचं तेल चढण संपेपर्यंत चढतच राहिलं, तर तुमच्या गाडीपुरता निकाल लागला: ट्रेलर मागे असताना डॅम लागलेला हवा. मधेच तापमान धोक्याकडे निघालं तर चाचणी पूर्ण करायचा हट्ट नको. एसी बंद, हीटर पूर्ण, वेग कमी, आणि सुरक्षित जागी थांबून इंजिन आयडलवर ठेवा.

ठोकळ्यांचं काय? ते साधारण १० ते १५ सेंटीमीटर उंच असतात आणि तुमच्या डॅमखालची फट त्याहून जास्त असेल. तरीही घासतो, कारण ब्रेक लावला की नाक खाली जातं आणि आपण टायर ठोकळ्याला टेकेपर्यंत पुढे घेतो, तोवर डॅम त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेलेला असतो. परत मागे घेताना तो उलट्या बाजूने अडकतो आणि क्लिपा उपसतो. तुमचं डावं टोक बहुधा असंच गेलं असणार, दगडावर नाही. पिकअप मागच्या बाजूने लावा, मागचा भाग उंच असतो. उताराच्या तोंडाशी तिरकं जा, एक चाक आधी आणि दुसरं नंतर, म्हणजे डॅमची अख्खी कड एकदम टेकत नाही.

बसवल्यावर ४०, ६० आणि ८० च्या वेगाला खिडकी उघडून फडफड ऐका, आणि शंभरएक किलोमीटर झाले की बोल्टना पुन्हा एकदा हात लावून बघा. कच्च्या रस्त्यावर उतरवलेला डॅम हौद्यात सामानाखाली दाबू नका, घरी खिळ्याला टांगूही नका. उन्हाने आणि स्वतःच्या वजनाने तो पिळतो, मग भोकं जुळत नाहीत. सपाट फळीवर आडवा ठेवा, बोल्ट त्यालाच बांधलेल्या पिशवीत.